‘सर, बेरीज करू की वजाबाकी?’

पालकसभेत एक तक्रार दरवर्षी कानी येते. मुलाला पाढे पाठ आहेत, हातच्याची बेरीज येते, भागाकारही जमतो; पण वाचून सोडवायचे उदाहरण आले की त्याचा हात थांबतो. हात थांबलेले ते मूल मग मान वर करून विचारते, ‘सर, बेरीज करू की वजाबाकी?’ घाईत असलेला मोठा माणूस सांगून मोकळा होतो, ‘वजाबाकी कर.’ मूल वजाबाकी करते, उत्तर बरोबर येते, वहीवर बरोबरची खूणही होते. परंतु त्या उदाहरणात मुलाने जे शिकावयाचे होते, ते दुसऱ्यानेच करून टाकलेले असते. बेरीज करावी की वजाबाकी, हे ठरविणे हेच तर खरे उदाहरण होते.

प्रस्तुत लेख याच प्रश्नाविषयी आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांना शाब्दिक उदाहरणे सोडविण्यास घरच्या माणसांनी कशी मदत करावी, तसेच संध्याकाळच्या वंदनेनंतर वसतिगृहातील लहानांना अभ्यासाला बसविणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी काय करावे, हे येथे मांडण्याचा प्रयत्न आहे. इतिहासाच्या शिक्षकाने गणितावर का लिहावे, असे कोणी विचारील. शाब्दिक उदाहरण हा आधी वाचनाचा आणि मग आकडेमोडीचा विषय आहे, हे त्याचे पहिले कारण. कागदावरच्या चार ओळी वाचून त्यामागे काय घडले असेल हे ओळखणे, हे इतिहासाचेही काम आहे. दुसरे कारण लेखाच्या उत्तरार्धात येईल.

अडते कोठे?

उत्तर चुकले म्हणजे मुलाचे गणित कच्चे, असा निष्कर्ष फार लवकर काढला जातो. ऑस्ट्रेलियातील अभ्यासक एम. ॲन न्यूमन यांनी १९७७ मध्ये या चुकांकडे पाहण्याची एक साधी रीत मांडली. त्यांच्या मते शाब्दिक उदाहरण सोडविताना मुलाला पाच पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली वाचनाची, दुसरी आकलनाची, तिसरी शब्दांतील प्रसंगाचे गणिती मांडणीत रूपांतर करण्याची, चौथी प्रत्यक्ष आकडेमोडीची आणि पाचवी उत्तर नीट लिहिण्याची. खालच्या पायरीवर पाय घसरला तर वरची पायरी येतच नाही. पुष्कळ मुलांची चूक चौथ्या पायरीवर पोहोचण्यापूर्वीच झालेली असते. आणि आपण मात्र त्यांच्याकडून चौथ्याच पायरीचा सराव करून घेत राहतो. वजाबाकीची आणखी वीस उदाहरणे घातली, तरी ‘पेक्षा’ या शब्दाचा अर्थ न कळलेले मूल तेथेच उभे राहते.

म्हणून मूल अडले की त्याला उत्तर सांगू नये, रीतही सांगू नये. पाच प्रश्न क्रमाने विचारावेत.

१. उदाहरण मोठ्याने वाच बरे. कोणता शब्द अडला?
२. यात काय विचारले आहे, ते तुझ्या शब्दांत सांग.
३. उत्तर कसे काढशील? तसेच का?
४. आता करून दाखव. करता करता तोंडाने सांगत जा.
५. उत्तर पूर्ण वाक्यात लिही. किती काय? रुपये, किलो की मुले?

या पाच प्रश्नांत मूल कोठे थांबले, ते मदत करणाऱ्याला दहा मिनिटांत कळते. पहिल्या प्रश्नाला अडखळणाऱ्या मुलाला गणिताची शिकवणी नको असते. त्याला रोज पानभर मराठी मोठ्याने वाचून घेणारे माणूस हवे असते.

खुणेच्या शब्दांचा सापळा

काही मार्गदर्शक पुस्तकांत आणि शिकवणी वर्गांत एक सोपी युक्ती शिकवितात. ‘एकूण’ आले की बेरीज, ‘उरले’ आले की वजाबाकी, ‘जास्त’ दिसले की मिळवा, ‘वाटले’ दिसले की भागा. पहिली-दुसरीत ही युक्ती बहुतेक वेळा चालते, म्हणूनच ती घातक आहे. तिने मुलाला वाचण्याची गरजच उरत नाही. पुढील उदाहरण पाहा.

‘आईने सातपाटीच्या बाजारातून २४० रुपयांचे सुके बोंबील घेतले. तिच्याजवळ १३५ रुपये उरले. बाजारात जाताना तिच्याजवळ किती रुपये होते?’

‘उरले’ हा शब्द दिसताच खुणेवर चालणारे मूल २४० मधून १३५ वजा करते आणि १०५ असे उत्तर लिहिते. प्रसंग डोळ्यांपुढे आणणारे मूल म्हणते, जे खर्च झाले आणि जे उरले ते मिळून आधीचे. म्हणजे ३७५ रुपये. तसेच दुसरे उदाहरण. ‘रमाकडे १८ चिकू आहेत. ते सुजाताच्या चिकूंपेक्षा ६ ने जास्त आहेत. सुजाताकडे किती चिकू आहेत?’ येथे ‘जास्त’ असूनही उत्तर १२ आहे, २४ नाही.

मराठी उदाहरणात अर्थाचा भार पुष्कळदा लहानशा प्रत्ययांवर आणि अव्ययांवर असतो, आणि घाईने वाचणाऱ्या मुलाची नजर नेमकी त्यांच्यावरूनच घसरते. ‘पाच वह्या ६० रुपयांना’ आणि ‘पाच वह्या प्रत्येकी ६० रुपयांना’ यांत एका शब्दाचा फरक आहे. एकीकडे सगळ्या वह्यांचे ६० रुपये, दुसरीकडे ३००. ‘टोमॅटोचा भाव ३० रुपयांनी उतरला’ आणि ‘टोमॅटोचा भाव ३० रुपयांवर उतरला’ यांत फक्त ‘नी’ आणि ‘वर’ बदलले आहे. पण आधी भाव ८० असेल तर पहिल्या वाक्यात तो ५० झाला आणि दुसऱ्यात ३०. ‘४ ने जास्त’ म्हणजे मिळविणे आणि ‘४ पट’ म्हणजे गुणणे. ‘४० मुलांपैकी १५’ आणि ‘४० मुले व १५’ यांचा अर्थ वेगळा. ‘पैकी’, ‘पेक्षा’, ‘प्रत्येकी’, ‘दर’, ‘पट’, ‘ने’, ‘वर’ या शब्दांच्या अशा जोड्या करून मुलांशी बोलावे. त्यासाठी वही लागत नाही, जेवताना बोलले तरी चालते.

आधी गोष्ट, मग आकडे

गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये उदाहरण सोडविण्याचे चार टप्पे सांगितले होते. प्रश्न समजून घेणे, मार्ग ठरविणे, त्या मार्गाने जाणे आणि उत्तर आल्यावर मागे वळून पाहणे. आपल्या घरांत व वर्गांत यांतील तिसराच टप्पा तेवढा होतो. पहिल्या टप्प्यासाठी एक सोपी कृती आहे. उदाहरणातील आकडे बोटांनी किंवा कागदाच्या पट्टीने झाकावेत आणि मुलाला ते गोष्टीसारखे वाचायला सांगावे. ‘आईने काही रुपयांचे बोंबील घेतले. काही रुपये उरले. आधी किती होते?’ आकडे दिसत नसल्यामुळे मुलाचा हात बेरीज-वजाबाकीकडे धावत नाही. मग विचारावे, ‘बाजारात जाताना जास्त पैसे असतील की येताना?’ येथे बहुतेक मुले आपणहून सांगतात, ‘जाताना जास्त.’ एवढे कळले की आकडे उघडावेत. १०५ हे उत्तर चूक आहे, हे मग मुलालाच दिसते; कारण २४० रुपयांची खरेदी १०५ रुपयांत होत नाही.

लहान मुलांना प्रसंग हाताने मांडू द्यावा. चिंचोके, खडे, बाभळीच्या शेंगा, काड्या, बाटल्यांची झाकणे, काहीही चालते. या बाबतीत आपल्या जिल्ह्याला मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी शिक्षणाची साधने केली आणि गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत हे पाहून शाळाच कुरणावर नेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. मुलाच्या जगात जे आहे तेथूनच शिक्षणाची सुरुवात करावी, हे त्या कामाचे सार होते. शाब्दिक उदाहरणाला ते पुरेपूर लागू पडते.

चौथी-पाचवीच्या मुलांसाठी वस्तूंच्या जागी पट्टीची आकृती घ्यावी. सिंगापूरच्या शाळांनी १९८० च्या दशकात ही रीत सर्वत्र रूढ केली. समजा, उदाहरण असे आहे: ‘वसतिगृहातील एका पोत्यातील दोन पंचमांश तांदूळ संपला. आता ३० किलो उरला आहे. पोत्यात आधी किती तांदूळ होता?’ मुलाने एक आडवी पट्टी काढावी, तिचे पाच सारखे भाग करावेत आणि त्यांतील दोन भाग संपले म्हणून रंगवावेत. उरलेले तीन भाग म्हणजे ३० किलो, म्हणून एक भाग १० किलो, म्हणून पाच भाग ५० किलो. अपूर्णांकाचे सूत्र आठवले नाही तरी पट्टी उत्तरापर्यंत नेते. ज्यांना सूत्र येते, त्यांनाही ते का येते हे पट्टीमुळे कळते.

संख्येचे नाव आणि घरची भाषा

मुलाला ‘सत्तेचाळीस’ ऐकून ७४ लिहिताना आपण पाहतो आणि रागावतो. वस्तुतः त्या चुकीत तर्क आहे. उच्चारात सात आधी येतो, लिहिताना चार आधी येतो. ‘एकोणपन्नास’ या शब्दात तर ना चार ऐकू येतो, ना नऊ. पन्नासला एक उणे, एवढेच त्यात सांगितले आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात प्रचलित संख्यानामांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी नावे देण्यात आली, तेव्हा राज्यभर वाद झाला आणि तो विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका मुलांची अडचण कमी व्हावी अशी होती. विरोध करणाऱ्यांना भाषेच्या परंपरेची काळजी होती. वादाचा निकाल काहीही असो, अडचण खरी आहे आणि ती मुलाच्या बुद्धीतील उणीव नाही. घरी ‘सत्तेचाळीस म्हणजे चाळीस आणि सात’ असे चार वेळा बोलून घेतले तर ती दूर होते.

बोईसर-तारापूर पट्ट्यातील वर्गात ही अडचण दुप्पट होते. औद्योगिक वसाहतीत काम करण्यासाठी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कुटुंबांची मुले, आणि वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी घरांतील मुले एकाच बाकावर बसतात. घरी ‘उनचास’ ऐकलेल्या मुलाला शाळेत ‘एकोणपन्नास’ भेटतो. घरी वेगळ्या बोलीत बोलणाऱ्या मुलीला पुस्तकातील ‘विक्रेत्याने प्रत्येकी’ हे शब्द परके वाटतात. अशा मुलाला उदाहरण आधी त्याच्या घरच्या बोलीत सांगू द्यावे. ‘शुद्ध बोल’ म्हणून मध्येच थांबविले, तर विचारही तेथेच थांबतो. आधी अर्थ पक्का व्हावा. मग तोच अर्थ पुस्तकाच्या मराठीत कसा लिहितात, ते शिकवावे. दोन्ही भाषा त्याच्याच होतील.

उत्तराचा ताळा

‘ताळा’ हा शब्द जुन्या पिढीला चांगला परिचित आहे. आज मुले ताळा पाहत नाहीत. उत्तर आले की वही मिटतात. शाब्दिक उदाहरणात ताळा दोन प्रकारचा असतो. एक आकड्यांचा: ३७५ मधून २४० वजा करून १३५ उरतात का, हे पाहणे. दुसरा प्रसंगाचा: हे उत्तर त्या गोष्टीत बसते का, हे पाहणे. दुसरा ताळा अधिक महत्त्वाचा आहे.

३८ ला ८ ने भागले तर भागाकार ४ आणि बाकी ६. आता ही चार उदाहरणे मुलांना एकापाठोपाठ द्यावीत. ३८ मुलांना सहलीला न्यायचे आहे, एका जीपमध्ये ८ मुले बसतात. किती जीप लागतील? उत्तर ५, कारण सहा मुलांना मागे सोडून जाता येत नाही. ३८ मीटर दोरीतून ८ मीटरचे किती तुकडे निघतील? उत्तर ४. ३८ रुपये ८ जणांना सारखे वाटले तर प्रत्येकाला किती? ४ रुपये ७५ पैसे. ३८ पेन्सिली ८ मुलांना सारख्या वाटल्या तर किती उरतील? ६. भागाकार एकच, उत्तरे चार. कोणते उत्तर कोठे लिहावे हे गणित ठरवीत नाही, प्रसंग ठरवितो. हा एक तास ज्या मुलाने मनापासून केला, ते मूल पुन्हा ‘४ बाकी ६ जीप’ असे लिहीत नाही.

फ्रान्समधील ग्रेनोबल येथे सुमारे १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेच्या मुलांना एक गमतीचा प्रश्न दिला गेला. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी आकडेमोड करून वय सांगितले. ती मुले मठ्ठ नव्हती. शिक्षकाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतेच आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच काढायचे असते, एवढे शाळेने त्यांना नीट शिकविले होते. कोणी सांगितले म्हणून न स्वीकारता स्वतः तपासून पाहावे, ही शिकवण आपल्या विद्यालयाच्या भिंतींवर लिहिलेली असते. तिचा पहिला सराव गणिताच्या वहीत होऊ शकतो. दहा उदाहरणांत एखादे मुद्दाम अपुऱ्या माहितीचे द्यावे, एखाद्यात नको असलेला आकडा घालावा. ‘या प्रश्नाचे उत्तर यातून निघत नाही’ असे लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्यावेत.

बाजारातले गणित आणि वहीतले गणित

अनेक पालक म्हणतात, ‘आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय मदत करणार?’ त्यांनी पुढील हकिकत जरूर लक्षात ठेवावी. ब्राझीलमधील रेसिफे शहरात टेरेझिन्हा नुनेस कॅरहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक होऊन विचारलेल्या प्रश्नांपैकी ९८ टक्के उत्तरे मुलांनी बरोबर दिली. पुढे त्याच प्रकारची गणिते कागदावर दिली, तेव्हा शाब्दिक उदाहरणांत ७४ टक्के आणि नुसत्या आकड्यांच्या गणितांत केवळ ३७ टक्के उत्तरे बरोबर आली. एक नारळ ३५ ला, तर दहा नारळ कितीला, असे विचारल्यावर एका मुलाने तीन नारळांचे १०५, सहांचे २१०, नवांचे ३१५ असे करीत ३५० सांगितले. दहाने गुणताना पुढे शून्य द्यावे, ही शाळेची रीत त्याने वापरली नाही. पण त्याला प्रत्येक पायरीचा अर्थ ठाऊक होता.

यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, प्रसंगाचा आधार असला की मुलाचे गणित सुधारते. म्हणजे शाब्दिक उदाहरण हे मुलाचे शत्रू नसून नीट वाचता आले तर त्याचे साहाय्यक आहे. दुसरी, बाजारात ताडगोळे किंवा भाजी विकणारी आई, गवंड्याच्या हाताखाली विटा मोजणारा बाप, कारखान्यात पाळी करणारा मोठा भाऊ, ही सारी माणसे शाब्दिक उदाहरणे रोज तोंडी सोडवीत असतात. आईने मुलाला विचारावे, ‘डझन ताडगोळे १२० ला दिले; एकीला पाचच हवेत, तर किती घेऊ?’ मुलाने सांगावे आणि आईने तिची रीत सांगावी. मग मुलाने ते उदाहरण वहीत आपल्या शब्दांत लिहावे. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईचे गणित अशा रीतीने मुलाच्या वहीत येते. स्वतः उदाहरण रचणे हा त्यातील वाचनाचा उत्तम सराव आहे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना पावकी, निमकी, दिडकी म्हणायला लावावे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्यापूर्वी १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा धरून हिशेब कसा होई, हे त्यांच्याकडून ऐकण्यासारखे आहे.

हिशेब कोणाच्या हाती?

आता दुसरे कारण. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. बहुजनांच्या मुलांना प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी मोडी व बाळबोध लेखन-वाचनाबरोबरच हिशेबाचा समावेश केला. त्यामागे शेतकऱ्याच्या लुबाडणुकीचा अनुभव होता. आपल्या जिल्ह्यात तर हा इतिहास फार जवळचा आहे. डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी वारली माणसाला बायकोसह वर्षानुवर्षे सावकाराकडे राबावे लागे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ च्या वारल्यांच्या लढ्याने ही प्रथा मोडली. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात ती कहाणी सांगितली आहे. कर्ज किती घेतले, किती फिटले, किती उरले? सातपाटीच्या बोंबलांइतकेच ते साधे उदाहरण होते. परंतु वही सावकाराच्या हाती होती आणि ती वाचणाराही तोच होता.

आज वहीची जागा वेतनचिठ्ठीने घेतली आहे. रोज ५२० रुपये मजुरी, २६ दिवसांपैकी २ दिवस खाडा, ६ तास जादा काम, १,२०० रुपये उचल. हातात किती यावेत? २४ दिवसांचे १२,४८०. आठ तासांचे ५२०, म्हणून तासाचे ६५. जादा कामाला दुप्पट वेतन हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ठरवून दिले. म्हणून तासाला १३०, सहा तासांचे ७८०. एकूण १३,२६०, उचल वजा जाता १२,०६०. यात पाचवीच्या पलीकडचे काही नाही. तरीही चिठ्ठी न वाचता सही करणारे, पैसे मोजतात पण हिशेब मोजत नाहीत, असे तरुण आपल्या औद्योगिक वसाहतीत कमी नाहीत. बुलेट ट्रेन, द्रुतगती महामार्ग, वाढवण बंदर अशा प्रकल्पांमुळे जमिनीचे व्यवहार दारापर्यंत आले आहेत. सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर, त्यांतील जाणारे किती, राहणारे किती, दर कशावर, वाटेकरी किती. हेही शाब्दिक उदाहरणच आहे आणि त्यात ताळा पाहिला नाही तर तो पुन्हा पाहण्याची संधी मिळत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथामुळे आपणा सर्वांना माहीत आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी भीमरावाला उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले, तेव्हा सवर्ण मुलांनी फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाजूला काढण्यासाठी धाव घेतली. फळ्यापर्यंतची ती वाट आज कायद्याने आणि संघर्षाने मोकळी झाली आहे. पण फळ्यासमोर उभे राहिलेल्या मुलाच्या मनात भीती असेल, ‘चुकलो तर हसतील’ या विचाराने त्याचा खडू थांबत असेल, तर ती वाट पुरती मोकळी झाली असे म्हणता येणार नाही. चुकलेल्या उत्तरावर हसू न देणे आणि ‘तू असे का केलेस, ते सांग’ एवढेच शांतपणे विचारणे, हे प्रत्येक पालकाला आणि शिक्षकाला शक्य आहे.

सुट्टीत आणि वसतिगृहात काय करावे?

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मूल घरी येईल, तेव्हा रोज दोनच उदाहरणे घ्यावीत, वीस नकोत. एक पुस्तकातील, एक घरातील. पुस्तकातील उदाहरण आकडे झाकून वाचावे, गोष्ट सांगून घ्यावी, चित्र काढून घ्यावे, मग सोडवू द्यावे आणि शेवटी ताळा पाहावा. घरातील उदाहरण म्हणजे वीजबिल, रेशनचे धान्य, पालघर-बोईसर तिकिटाचे पैसे, किराणा दुकानाची उधारी. मूल विचार करीत असेल तेव्हा दोन मिनिटे गप्प राहावे. हे सर्वांत अवघड आहे. अर्धवट उत्तर आले तर त्यातील बरोबर भाग आधी सांगावा. ज्यांचे मूल वसतिगृहात आहे, त्यांनी रविवारच्या फोनवर ‘जेवलास का?’ याच्या जोडीला ‘या आठवड्यात कोणते उदाहरण अडले, ते मला गोष्टीसारखे सांग’ एवढे विचारावे. सांगताना पुष्कळदा मुलालाच वाट सापडते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेक जण तारापूरच्या कारखान्यांत, रेल्वेत, बँकांत, दवाखान्यांत, शेतीत काम करीत आहेत. प्रत्येकाने आपल्या कामातील पाच खरी उदाहरणे, लहान मुलांना झेपतील अशा आकड्यांची, सोप्या मराठीत लिहून विद्यालयाकडे पाठवावीत. परिचारिका झालेली ताई औषधाच्या मात्रेचे उदाहरण लिहील, टेम्पो चालविणारा दादा डिझेलचे लिहील, बागायतदार चिकूच्या पेट्यांचे लिहील. शंभर जणांनी लिहिले तर पाचशे उदाहरणांची आपली स्वतःची वही तयार होईल, आणि ती सोडविणाऱ्या मुलांना त्यांत आपलीच माणसे आणि आपलीच गावे भेटतील. पुढील शैक्षणिक वर्षाच्या आरंभी, जून महिन्यात, ती वही वर्गात यावी अशी इच्छा आहे.